सासूबाई पोटी आल्या का?

पत्र: आम्ही फोंडा तालुक्यातले. घरात सासरे, आम्ही दोघं, दीर आणि जाऊ. मला पाचवा महिना होता तेव्हा सासूबाई अचानक हृदयविकाराने गेल्या. चार महिन्यांनी मुलगी झाली, ती आता चार वर्षांची आहे. तिच्या डाव्या खांद्यावर सासूबाईंसारखाच तीळ आहे. तिला त्यांच्यासारखीच पेज आणि मिस्कूट (कैरीचं लोणचं) आवडतं, आणि रागावली की कमरेवर हात ठेवून अगदी त्यांच्यासारखी "कोणाला सांगतेस?" म्हणते. बाळंतपणाआधी नणंदेच्या स्वप्नात सासूबाई आल्या, "मी घरी येते" म्हणाल्या. तेव्हापासून मिस्टर मुलीला "आई" म्हणतात. नणंद माहेरी आली की तिच्या पाया पडते आणि सासूबाईंच्या पाटल्या कुठे आहेत म्हणून तिला विचारते. जाऊ साष्टीतली, ख्रिश्चन. तिला हे पटत नाही. त्यावर मिस्टरांनी तिला, बायबलमध्येही पुनर्जन्म होता आणि चर्चने ५५३ साली तो काढून टाकला, असा फॉरवर्ड पाठवला, आणि घरात अबोला झाला. माझं आणि सासूबाईंचं फारसं जमलं नव्हतं. खरं सांगते, मुलीला ओरडायला गेले की जीभ अडखळते. पुनर्जन्म खरा असतो का? बाकीचे धर्म काय म्हणतात? आणि मी काय करू?

उत्तर: ताई, तुमचा पहिला प्रश्न कठोपनिषदातल्या नचिकेताने थेट यमालाच विचारला होता. माणूस मेल्यावर कोणी म्हणतात तो असतो, कोणी म्हणतात नसतो, खरं काय ते सांग. यमाने आधी टाळाटाळच केली. हत्ती-घोडे, सोनं, हवं तेवढं आयुष्य देऊ केलं, याबद्दल देवांनाही शंका होती असं सांगून पाहिलं. यमाची ही गत, तर एका सदराने निकाल द्यावा अशी अपेक्षा तुम्हीही ठेवली नसेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र देता येतं आणि तिसऱ्याचं त्यातूनच निघतं. ते आधी सांगून टाकते: पुनर्जन्म खरा धरला, तरी चार वर्षांच्या मुलीला आई म्हणायला तेवढं कारण पुरत नाही.

पत्र वाचताना माझं लक्ष सगळ्यांत आधी गेलं ते पाचव्या महिन्याकडे. सासूबाई गेल्या तेव्हा मूल पोटात वाढतच होतं. मग त्यांचा जीव तिथे शिरला केव्हा, आणि त्याआधी तिथे कोण होतं? घरात हे कोणी विचारलेलं दिसत नाही. जुन्या लोकांनी मात्र विचारलंय, आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत.

जैन मतात देह सुटला की जीव फार तर तीन-चार समयांत नव्या ठिकाणी पोचतो, आणि समय म्हणजे काळाचा इतका बारीक कण की पापणी लवेपर्यंत असे असंख्य समय होऊन जातात. थेरवादी बौद्धही मधे खंड मानत नाहीत. तिबेटी बौद्ध ४९ दिवसांपर्यंतचा मधला काळ मानतात. लेबनॉन-सीरियाच्या डोंगराळ भागातले द्रूझ पंथाचे लोक म्हणतात, इकडे प्राण गेला की त्याच क्षणी जन्मणाऱ्या बाळात आत्मा जातो, पोटातल्या गर्भात नव्हे. यातल्या एकाही गणितात तुमचा पाचवा महिना बसत नाही.

आपल्या घरातही एकवाक्यता नाही. ऋग्वेदात मेलेला माणूस यमाकडे, पितरांकडे जातो. परत येण्याची स्पष्ट कल्पना तिथे सापडत नाही. ती उपनिषदांत आकार घेते. बृहदारण्यकात गवतावरच्या अळीचा दाखला आहे: पुढचं पातं धरल्याशिवाय ती मागचं सोडत नाही. छांदोग्यातला रस्ता मात्र केवढा तरी लांबचा. धूर, रात्र, कृष्णपक्ष, पितृलोक, मग चंद्र; तिथली पुण्याई सरली की आकाश, वारा, ढग, पाऊस; पावसातून भात, जव, तीळ, उडीद; ते कोणी खाल्लं तर पुढे गर्भ. धान्यातून सुटका होणंच सगळ्यांत अवघड, असं तिथे म्हटलंय. (ही विद्या श्वेतकेतूच्या वडिलांना प्रवाहण जैवली नावाच्या राजाकडून शिकावी लागली, आणि त्यांच्याआधी ती कुठल्याच ब्राह्मणाला मिळालेली नाही, असं त्या राजाने ऐकवलंसुद्धा. मला हा भाग वाचताना नेहमी मजा वाटते.)

आता तुमच्या घरी काय झालं असेल ते बघा. दहावं, बारावं, दर महिन्याचं मासिक, वर्षश्राद्ध. या विधींमागचं चित्र गरुडपुराणातलं आहे. जीव सुमारे वर्षभर यमाच्या वाटेवर चालत असतो, त्याला अन्नपाणी, वहाणा, छत्री लागते, आणि ते घरचे पोचवतात. हे चित्र खरं मानलं तर तुम्ही बाळंत झालात तेव्हा सासूबाई अजून वाटेवरच होत्या आणि तुमचे मिस्टर त्यांच्या वाटेचं दान देत होते. त्याच काळात ते पाळण्यातल्या मुलीलाही आई म्हणत होते. शिवाय दर भाद्रपदात म्हाळ घालता तो कोणासाठी? पितराच्या नावाने पान वाढलं जातं आणि पितर शेजारी बसून पापड मागतोय? शास्त्राकडे याचंही उत्तर आहे बरं का. मत्स्यपुराण म्हणतं, जीव जिथे जन्मला असेल तिथल्या रूपात त्याला श्राद्धाचं अन्न मिळतं: देव झाला तर अमृत, पशू झाला तर गवत, माणूस झाला तर अन्नपाणी. चार्वाक यावर हसले. मेलेल्याला इथून पोचतं, तर प्रवासाला निघालेल्याबरोबर शिदोरी कशाला देता, असं त्यांनी विचारलं.

तुमच्याकडे येणारे भटजी वाचलेले असतील तर गर्भोपनिषद पुढे करतील. त्यात सातव्या महिन्यात गर्भाला जीव येऊन मिळतो असं आहे. पाचव्यात गेलेल्या सासूबाई सातव्यात आल्या, हिशेब बसला! बसू दे. पण मग त्याच उपनिषदातलं पुढचंही मानायला हवं. नवव्या महिन्यात गर्भाला मागचे जन्म आठवतात, आणि बाहेर येताना वारा लागला की सगळं विसरायला होतं.

या विसरण्यावर मात्र एरवी एकमेकांशी न पटणारे लोक एकत्र येतात. प्लेटोने एर नावाच्या सैनिकाची कथा सांगितली. त्यात मेलेले जीव पुढचं आयुष्य स्वतः निवडतात, आणि मग विस्मृतीच्या मैदानात जाऊन नदीचं पाणी पितात. पाणी प्यायल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही. गीतेच्या चौथ्या अध्यायात कृष्ण म्हणतो, तुझे-माझे कितीतरी जन्म झाले, मला ते सगळे माहीत आहेत, तुला नाहीत. प्रत्यक्ष अर्जुनाला नाहीत!

भागवताच्या सहाव्या स्कंधातली चित्रकेतूची गोष्ट तुमच्या मिस्टरांना वाचायला द्या. राजाला पुष्कळ राण्या, पण मूल नाही. अंगिरा ऋषींच्या कृपेने एका राणीला मुलगा झाला, तर सवतींनी त्याला विष घातलं. राजा-राणी प्रेताजवळ आक्रोश करत असताना नारद आणि अंगिरा आले. शब्दांनी समजूत पटेना, तेव्हा नारदाने त्या मुलाच्या जीवालाच परत बोलावलं. हे बघ तुझे आईवडील, देहात परत ये, उरलेलं आयुष्य भोग, राज्य कर. यावर तो जीव विचारतो: हे माझे आईबाप कुठल्या जन्मातले? मी कर्माने देव, पशू, माणूस अशा किती योनींतून फिरलोय. सोनं बाजारात एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जातं तसे आपण सगळे फिरतो, ज्याच्याजवळ असतो तेवढ्यापुरते त्याचे. एवढं बोलून तो जातो. आईबापांचं रडणं थांबतं ते त्यानंतर.

पुनर्जन्मावर पुराणिकांइतका विश्वास कोणाचा? पण जीव परत येऊन समोर बोलायला लागतो, तेव्हा पुराणिक त्याच्या तोंडून जुनं नातं नाकारतातच.

बुद्ध आणखी पुढे गेले. त्यांच्या मते एका देहातून दुसऱ्यात जाणारा कायमचा असा आत्माच नाही. राजा मिलिंदाने नागसेन या भिक्खूला विचारलं, पुन्हा जन्मतो तो तोच, की दुसरा? नागसेन म्हणाला, तोही नाही आणि दुसराही नाही. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच म्हणाल का? वेगळी तरी म्हणाल का? आपल्या सांखवाळात १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश पालथे घालून पाली शिकले आणि बौद्ध विचार त्यांनी मराठीत आणला, तेव्हा गोव्यात तरी हा परका वाटू नये.

नणंदेच्या बाजूचे लोक जगात नाहीत असं समजू नका. नायजेरियातल्या योरुबा लोकांत आजोबांमागोमाग मुलगा झाला तर त्याला बाबातुंडे म्हणतात, म्हणजे बाबा परत आले. मुलगी असेल तर येतुंडे, आई परत आली. अलास्कातल्या ट्लिंगिट लोकांत स्वप्नात मेलेला नातलग येऊन "मी तुझ्याकडे येतोय" असं सांगतो. तुमच्या नणंदेला पडलं तसंच स्वप्न. तिबेटात तर लहान मुलाला मागच्या लामाचा अवतार म्हणून ओळखून गादीवर बसवतात. आताच्या दलाई लामांचा जन्म १९३५ चा, आणि ते दोन वर्षांचे असताना शोधपथक त्यांच्या घरी पोचलं होतं. पण गादीवरच्या त्या मुलालाही अक्षरओळखीपासून शिकावं लागतं आणि शिकवायला कडक गुरू असतात. मागच्या जन्मी सगळं पाठ होतं म्हणून कोणी सूट देत नाही. मलाही तुमच्या मुलीसाठी एवढंच हवंय.

जावेचं म्हणणं तिच्या धर्माला धरूनच आहे. हिब्रूंस पत्राच्या नवव्या अध्यायात माणसाला एकदाच मरण आणि नंतर न्याय असं स्पष्ट आहे, आणि कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीतही मृत्यूनंतर पुनर्जन्म नाही असं नोंदलेलं आहे. मिस्टरांचा फॉरवर्ड चुकीचा आहे. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या वेळी ज्याचा धिक्कार झाला ती ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या विद्वानाच्या नावावरची, जन्माआधीही आत्मे असतात ही शिकवण. बायबलमधून तेव्हा काहीही काढलेलं नाही. आणि एका देहातून दुसऱ्या देहात जाण्याची कल्पना खुद्द ओरिजेननेच मॅथ्यूवरच्या भाष्यात नाकारली आहे. मिस्टरांनी जावेची क्षमा मागावी. दिराला मधे घातलं तर सोपं जाईल.

तरी "पुनर्जन्म आपला, एकच जन्म त्यांचा" अशी सरळ वाटणी नाही. ज्यू धर्मात दहाव्या शतकातल्या सादिया गाओनने पुनर्जन्माची कल्पना खोडून काढली, तर सोळाव्या शतकात सफेद नावाच्या गावातल्या इसहाक लुरियाने तीच आपल्या शिकवणुकीच्या मध्यभागी आणली. मुख्य प्रवाहातला इस्लाम पुनर्जन्म मानत नाही, पण द्रूझ त्याच मुशीतून निघाले. आणि प्यू रिसर्च सेंटरच्या २०२१ च्या पाहणीत भारतातल्या हिंदूंपैकी सुमारे ४० टक्के लोकांनीच पुनर्जन्म मानतो असं सांगितलं. ख्रिश्चनांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त जणांनी मानतो म्हटलं. शिवाय मेलेल्यांशी नातं ठेवायला पुनर्जन्मच लागतो असंही नाही. जावेच्या माहेरी दोन नोव्हेंबरला थडग्यांवर फुलं-मेणबत्त्या जातात, लग्नाआधी पूर्वजांच्या नावाने भिकाऱ्यांना जेवण घालतात. तुम्हाला वाटतं त्याहून जास्त तुमचा म्हाळ तिला समजतो. तिला पंगतीला हाक मारा.

आता खुणा. तीळ आजीसारखा असणं यात नवल ते काय? आजी आणि नातीच्या जनुकांत साधारण पाव हिस्सा समान असतो. पेज-मिस्कुटाचा घास तिला पहिल्यांदा कोणी भरवला ते आठवून बघा. कमरेवरचा हात आणि "कोणाला सांगतेस?" ही नक्कल घरात कोण करून दाखवतं? बहुतेक तुमचे मिस्टर, हसत हसत, आईची आठवण काढताना. मुलं उचलतात. व्हर्जिनिया विद्यापीठातले इयन स्टीव्हन्सन यांनी मागचा जन्म सांगणाऱ्या मुलांच्या नोंदी जगभर फिरून जमवल्या. त्यांच्यावर टीका पुष्कळ झाली, पण ते स्वतःही एकाच कुटुंबातली प्रकरणं कच्ची धरत, कारण घरातलं बोलणं मुलाच्या कानावर पडलेलं असतं. त्यांच्या नोंदींत मुलं साधारण दोन ते चार वर्षांची असताना बोलायला लागतात आणि पाच ते आठच्या दरम्यान आपोआप थांबतात. तुमची बाय तर स्वतःहून काही म्हणतच नाहीये. म्हणतायत ते मोठे.

करायचं काय? आधी मिस्टरांशी एकट्याने बोला, नणंद नसताना, आणि म्हाळाच्या धांदलीत नको. पुनर्जन्म खोटा आहे हे त्यांना पटवायला जाऊ नका. त्यांची आई एका दिवसात गेली, हाक मारायला कोणी उरलं नाही आणि हाक तोंडातच राहिली. ती त्यांनी मुलीवर ठेवली. मनात काय मानायचं ते त्यांचं त्यांनी मानावं. तुम्ही मागा एवढंच की मुलीच्या तोंडावर "आई" नको. सरळ म्हणा, "आई परत आल्या असतील तर या वेळी त्यांना लेक होऊ दे की." सासूबाईंच्या गोष्टी त्यांनी मुलीला जरूर सांगाव्यात, पण "तुझी आजी अशी होती" म्हणून. बापाने "आई" म्हटलं की चार वर्षांचं पोर बापाला सांभाळायला बघतं, आणि ते त्याच्या आवाक्यातलं काम नव्हे.

सासरे या सगळ्यावर काय म्हणतात ते तुम्ही लिहिलं नाहीत. मला तर पहिली काळजी त्यांचीच वाटली. घरात नातीला सगळे सासूबाई मानायला लागले, तर त्या बिचाऱ्यांनी तिच्याकडे कुठल्या नजरेने बघायचं? त्यांना विश्वासात घ्या. नणंदेला तुम्ही सांगितलेलं वेगळं आणि वडिलांनी सांगितलेलं वेगळं. देवळात प्रसाद लावून, म्हणजे देवाचा कौल घेऊन, विचारू असा विषय निघाला तर अडवू नका, पण मुलीला तिथे समोर बसवू देऊ नका.

आणि तुमची जीभ. सासूबाईंशी तुमचं जे राहून गेलं ते चार वर्षांच्या मुलीपाशी फेडता येणार नाही, तिला घाबरून तर नाहीच. म्हाळाच्या दिवशी पान ठेवताना मनातल्या मनात त्यांना जे बोलायचं ते बोलून टाका, कडू असलं तरी. मुलीने वाटी फेकली तर ओरडा. आपण ओरडलो की आई गप्प होते, हे मुलांना फार लवकर कळतं आणि त्याचा त्यांना त्रासच होतो. पुढे ती स्वतःहून काही बोलली तर ऐकून घ्या, खोदून विचारू नका. रात्री दचकून उठायला लागली, किंवा "मी कोण?" असं रडून विचारायला लागली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लागलंच तर बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, तिथे जाण्यात कमीपणा नाही.

नणंदेचं पाया पडणं वाढदिवसापर्यंत थांबवा. त्या दिवशी मुलीला पाटावर बसवून सगळ्यांनी ओवाळावं आणि नंतर तिने उठून आत्याच्या पाया पडावं, सासऱ्यांनीच तसं सांगावं. आत्याला आशीर्वाद द्यावाच लागेल.

पाटल्यांचं काम पूर्ण वेगळं, त्याला मुलगी नको आणि स्वप्नही नको. गोव्यात पोर्तुगीज काळापासून लेकीला लेकाइतकाच वाटा आहे. लग्नाच्या वेळी वेगळा करार आणि मागाहून मृत्युपत्र केलेलं नसेल, तर सासूबाईंच्या मागे राहिलेल्यात अर्धं सासऱ्यांचं आणि उरलेलं मुलांमध्ये सारखं. नणंदेला पाटल्यांचा संशय असेल तर तो रास्त प्रश्न आहे. तिने तो भावांना विचारावा, वकिलाकडून इन्व्हेंटरी, म्हणजे मागे राहिलेल्या मालमत्तेची रीतसर यादी, करून घ्यावी. त्याआधी मिस्टरांना बँकेचा लॉकर आणि सोनाराच्या जुन्या पावत्या बघायला सांगा. पुष्कळदा पाटल्या मोडून दुसरंच काही केलेलं असतं.